अक्कांची बंदूक विमानात बसते

अक्कांना म्युनिकच्या विमानतळावर सोडायला जायचं म्हणजे विमानाच्या तीन तास आधी पोचायचं, हे आमच्या घरात ठरलेलं होतं. उशीर त्यांना व्हायचा नाही, त्यांच्या बंदुकीला व्हायचा. "माणसाचं काय, पळत जाऊन बी बसतंय," अक्का म्हणायच्या. "बंदूक म्हणजे बाईसाहेब. तिची कागदं बघणार, तिचा नंबर बघणार, तिच्या नळीत डोळा घालणार, मग ती जाणार. आणि एवढं करून तिला खिडकीजवळची जागा न्हाई!" आणि स्वतःच्याच बोलण्यावर त्या अशा हसायच्या की पुढच्या रांगेतले जर्मन मागे वळून बघायचे.

पासपोर्टवरचं नाव रत्नमाला इंगवले. रेगेन्सबर्गच्या बाहेर एका खेड्यात आम्ही एकाच घरात राहायचो. मधल्या मजल्यावर अक्का, वर मी आणि माझा नवरा, आणि तळमजल्यावर घरमालक. अक्का तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या. यजमान बरीच वर्षं आधी गेलेले, मुलगा ऑस्ट्रेलियात. उंची जेमतेम पाच फूट, अंगात हिरवा लोकरी कोट, टोपीला तितराचं पीस आणि त्या टोपीखाली कपाळभर कुंकू. रेगेन्सबर्गच्या मराठी मंडळातल्या एका बाईंनी एकदा त्या कुंकवाबद्दल आडून काहीतरी विचारलं, तर अक्का म्हणाल्या, "कुंकू मी लग्नाच्या आधीपासनं लावतो. नवऱ्यानं दिलेलं न्हवं ते." कोल्हापूरच्या बायका बोलतात तशा त्या 'मी येतो, मी जातो' असंच बोलायच्या. त्या बाई पुढचं वर्षभर अक्कांच्या वाटेला गेल्या नाहीत.

मोटारीच्या कारखान्यात त्या मोजमाप विभागात होत्या. एखादा भाग केसाच्या कितव्या हिश्शाने जाड झाला हे शोधायचं आणि हजारभर भाग परत पाठवायचे, हे त्यांचं काम. त्यामुळे 'साधारण', 'अंदाजे', 'बहुतेक' असले शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. मी जिन्यातून ओरडायचे, "अक्का, पाचेक मिनिटांत येते हं!" की खालून उत्तर, "पाच का सहा?" मी कोथरूडची, वेळेच्या बाबतीत स्वतःला फार शहाणी समजणारी. पण या बाईंपुढे माझी पार गाळण उडायची.

आता ही मोजमापवाली बाई शिकारी कशी झाली? त्याला कारण आमचे घरमालक सेप्प. सेप्प म्हणजे जंगलखात्यातून निवृत्त झालेला पक्का बव्हेरियन म्हातारा. बायको गेलेली, लेक स्वीडनला दिलेली, घरात एक आंधळा होत चाललेला कुत्रा. दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलायचे, त्यातली सहा कुत्र्याशी. एका वसंतात ते अक्कांना रेगेन्सबर्गच्या जत्रेला घेऊन गेले. तिथे छऱ्याच्या बंदुकीने कागदी फुलं उडवायचा स्टॉल होता. अक्कांच्या वडिलांकडे शेतावर अशीच एक बंदूक होती, आणि लहानपणी त्यांनी कवठं सोडली नव्हती की बाटल्या. अक्कांनी बंदूक हातात घेतली, उजवीकडे किती ओढते ते तीन गोळ्यांत पाहिलं आणि मग फुलं उडवायला सुरुवात केली. सगळी उडवली. पुन्हा पैसे भरले, पुन्हा सगळी. स्टॉलवाला शेवटी हात जोडून म्हणाला, "बाई, बिट्टे, कृपा करा, आता पलीकडे झुल्यावर बसा ना." बक्षिसं सेप्पनी उचलली. घरी येताना दोन्ही काखांत टेडी बेअर धरून ते अक्कांच्या मागून चालत होते, हे मी खिडकीतून डोळ्यांनी बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिकारीच्या परवान्याच्या परीक्षेचं पुस्तक अक्कांच्या दारात आणून ठेवलं.

अहो, ती परीक्षा म्हणजे साधी गोष्ट नाही. जर्मनीत बंदूक हातात देण्याआधी माणसाला जंगलातलं पान न् पान विचारतात. आठ महिने अक्का पोळ्या लाटता लाटता पाठ करत होत्या आणि मी जिन्यातून जाताना मला पकडत होत्या.

"मेधा, कोल्ह्याला दात किती?"

"अक्का, मी अंडंसुद्धा खात नाही."

"बेचाळीस! आणि रानडुकराला?"

"अक्का, माझी बस..."

"चव्वेचाळीस! आता सांग, कुणापासनं जपायचं?"

पहिल्याच फेरीत पास झाल्या. पहिलं रानडुक्कर पडलं तेव्हा गावातल्या सहा शिकाऱ्यांना जेवायला बोलावून त्यांनी त्याचा तांबडा रस्सा केला. मी वर दारं-खिडक्या लावून बसले होते, तरी ठसका लागत होता. खालून आधी शांतता, मग खोकला, मग नाकं शिंकरल्याचे आवाज. त्यातला एक दांडगा गडी अंगणात येऊन नळाखाली तोंड धरून उभा राहिला. सेप्प मात्र शांतपणे वाटीवर वाटी रस्सा पीत होते. डोळ्यांतून धारा, टकलावर घाम, आणि वाटी पुढे. "नोख," म्हणाले. म्हणजे अजून. त्या दिवशीची त्यांची दहा वाक्यं तिथेच संपली असावीत.

पुढची काही वर्षं ही जोडी पहाटे पहाटे जंगलात जायची. झाडाला टेकवलेला लाकडी माच असतो, त्यावर दोघं शेजारी शेजारी तासन् तास गप्प बसायची. दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या अक्का गप्प बसतात यावर मंडळात कुणाचा विश्वास बसायचा नाही. "गप्प बसायला चांगला माणूस लागतोय शेजारी," त्या म्हणायच्या. "तुमच्यासारखी बडबडी असली की मला बी चेव येतो." आणि कधी चुकूनही हुकल्या नाहीत. एक गोळी, एक जनावर. खात्री नसेल तर गोळी नाहीच.

मग सेप्पच्या हृदयाने दगा दिला. लेक इंग्रिड येऊन त्यांना स्वीडनला घेऊन गेली. जाण्याआधी सेप्पनी आपली जुनी रायफल रीतसर कागद करून अक्कांच्या नावावर केली आणि स्वतःचा परवाना ऑफिसात परत दिला. निरोपाच्या वेळी ते एवढंच म्हणाले, की स्वीडनला एल्श असतात, तू ही घेऊन ये, तुझा पहिला एल्श पडेल तेव्हा मी शेजारी बसणार. एल्श म्हणजे आपल्या सांबराच्या जातीचं, पण घोड्याहून उंच जनावर. अक्का म्हणाल्या, "येतो." त्यांचा शब्द म्हणजे शब्द.

पण पहिल्या वर्षी कारखान्याने सुट्टी दिली नाही, दुसऱ्या वर्षी सेप्पच इस्पितळात. मधल्या काळात अक्का दोनदा बंदूक घेऊन स्कॉटलंडला हरणाच्या शिकारीला जाऊन आल्या, तेवढाच बंदुकीच्या प्रवासाचा सराव. तेव्हा आम्हा सगळ्यांना हे शास्त्र कळलं. बंदूक कुलूपबंद पेटीत, तिचा खटका वेगळा काढलेला. काडतुसं त्या पेटीत नाहीत, त्यांची स्वतंत्र डबी, तिला स्वतंत्र कुलूप, आणि माणशी पाच किलोच्या वर नेता येत नाहीत. अक्कांनी वीस काडतुसांचं खोकं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. "पाचशे ऐंशी ग्रॅम, खोक्यासकट. झालं की!" पण मंडळातल्या लोकांनी त्यातून भलताच अर्थ काढला. एवढी लांबलचक पेटी जातेय आणि पाच किलोतले साडेचार शिल्लक आहेत म्हटल्यावर एडिनबरोच्या बहिणीसाठी थालीपिठाची भाजणी, भाच्यासाठी गूळपोळ्या, कुणाचं लाटणं असं सगळं जिन्यात येऊन पडलं. एक जण तर पेटीतल्या फोममध्ये बंदुकीशेजारी पापड कसे बसतील याचं चित्र काढून घेऊन आला. "पोलिसांनी उघडल्यावर काय सांगू?" अक्का कडाडल्या. "पापड भाजायला बंदूक आणलीय म्हणू?"

तिसऱ्या वर्षी सप्टेंबरात इंग्रिडचं पत्र आलं. बाबांना वर्षभर धड झोप नाही. डॉक्टर पुढच्या शरदाचं काही सांगत नाहीत. शिकारीच्या मोसमाचा पहिला दिवस सोमवार, त्या एका पहाटे त्यांना माचावर न्यायला डॉक्टरांनी होकार दिलाय, आमची दोन माणसं उचलून चढवतील. फक्त एकच पहाट. नंतर थंडी वाढते. अक्कांनी पत्र मला वाचून दाखवलं, घडी घातली आणि रविवारचं तिकीट काढलं. ते विमान चुकलं तर पुढचं सोमवारी दुपारी होतं, म्हणजे संपलंच.

आणि तो रविवार म्हणजे दसरा.

आता इथे माझ्या सासऱ्यांना आणावं लागेल. बाबा त्या वेळी आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आलेले. पुण्याच्या शाळेत चाळीस वर्षं संस्कृत शिकवलेला माणूस, अत्यंत सज्जन, अत्यंत हळू, आणि पूजेच्या बाबतीत एक अक्षर इकडचं तिकडे होऊ देणार नाही. दरवर्षी खंडेनवमीला आमच्या मंडळात शस्त्रपूजेच्या नावाखाली लॅपटॉप, ड्रिल मशीन आणि कुणाची तरी सायकल मांडायचे. बाबांना कळलं की खालच्या मजल्यावर खरीखुरी रायफल आहे, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू!

"सूनबाई, आयुष्यभर मी मुलांना आयुध शब्द चालवून दाखवला," ते म्हणाले. "आयुध पाहिलं नाही."

अक्कांनी शनिवारी दुपारी पूजेला होकार दिला, पण अटी घालून. बंदुकीला हात फक्त त्यांचा. बाकीच्यांनी लांबून नमस्कार. त्यांच्या दिवाणखान्यात पाटावर हिरवी चादर, त्यावर रायफल, भोवती झेंडू आणि आपट्याच्या पानांऐवजी बागेतली कसली तरी पानं. पस्तीस माणसं आली. बाबांनी मंत्र म्हटले, दस्त्यावर हळद-कुंकू वाहिलं, लोकांनी भक्तिभावाने लांबूनच अक्षता उधळल्या. मग बाबा थांबले.

"अक्का, बाणांशिवाय धनुष्याची पूजा करतात का?"

अक्कांनी विचार केला. बाबांचं म्हणणं त्यांना पटलं. त्यांनी काडतुसांचं खोकं उघडून पाटावर ठेवलं, एक काडतूस काढून बाबांच्या पुढ्यातल्या तांदळाच्या राशीवर ठेवलं. बाबांनी त्यावर फूल वाहिलं, आणखी एक, आणखी एक, काडतूस दिसेनासं होईपर्यंत. मग आरती झाली, लोक पेढ्यांवर तुटून पडले, कुणाचं तरी पोर पडलं, कुणाची तरी चटणी सांडली. त्या गडबडीत अक्कांनी खोकं बंद करताना वरून पाहिलं, वीसही खाने भरलेले. बाबांनी काडतूस परत ठेवलं असणार. कुलूप लावलं आणि बंदूक, खोकं दोन्ही कपाटात.

रविवारी सकाळी नवरा कामासाठी परगावी होता म्हणून गाडी मी चालवली. बाबा मागच्या सीटवर, धोतर, कोट, डोक्यावर काळी टोपी. आपल्याकडे माणूस निघाला की सोडायला कुणीतरी जातंच, आणि बाबांना तर बंदुकीला निरोप द्यायचा होता. अक्का वाटभर गुणगुणत होत्या. संध्याकाळी पोचणार, रात्री लवकर झोपणार, पहाटे माच.

विमानतळावर खिडकीतल्या मुलीने रीतीप्रमाणे पोलिसांना फोन केला. एक पोलीसबाई आल्या. चष्मा, लांब वेणी, चेहऱ्यावर रेषासुद्धा हलत नव्हती. आम्हाला बाजूच्या खोलीत नेलं. अक्कांनी कागद मांडले, शिकारीचा परवाना, बंदुकीचा युरोपियन पास, इंग्रिडचं आमंत्रण, सगळं क्रमाने. बाईंनी मान हलवली. "गेनाऊ," म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर. मग पेटी उघडली.

खोलीभर उदबत्तीचा वास पसरला. बाईंनी नाक किंचित उचललं. फोममध्ये झेंडूच्या पाकळ्या होत्या. दस्त्यावर कुंकवाचा टिळा. बाईंनी तो बोटाने पुसून पाहिला आणि बोटाकडे बघत राहिल्या. मग टॉर्च लावून नळीत डोळा घातला.

"आत काहीतरी आहे."

बारीक सळईने त्यांनी ते बाहेर ढकललं. टेबलावर तांदळाचे तीन दाणे पडले, एक लाल.

"हे काय?"

"तांदूळ," अक्का म्हणाल्या.

"का?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. जर्मन माझं बरं म्हणून. मी सुरुवात केली. आल्झो, म्हणजे असं की, आमच्याकडे वर्षातून एकदा माणूस ज्या वस्तूंनी काम करतो त्या वस्तूंची पूजा करतो. सुताराची करवत, माझा लॅपटॉप, यांची बंदूक. त्यावर तांदूळ टाकतात. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लॅपटॉपवरही?" मी म्हटलं, हो, लॅपटॉपवरही. "आणि मग की-बोर्ड चालतो?" मी म्हटलं, स्पेसबार अडकतो. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं की काय कोण जाणे, पण काहीतरी लिहिलं.

मग काडतुसांचं खोकं. बाई बोटाने मोजू लागल्या. मी घड्याळ पाहत होते, अजून दीड तास होता, निवांत. सतरा, अठरा, एकोणीस. बोट थांबलं. विसाव्या खान्यातून बाईंनी दोन बोटांनी काहीतरी उचललं आणि उजेडात धरलं.

सुपारी!

मी अक्कांना इतक्या वर्षांत पांढरंफटक पडलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या मराठीत पुटपुटल्या, "वीस होती गं."

"मोजली होतीत?"

अक्कांनी ओठ आवळले. "बघितली होती," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे कबूल होणं म्हणजे दुसऱ्या कुणी चोरी कबूल करण्यासारखं होतं.

"इथे वीस लिहिलंय," बाई म्हणाल्या. "विसावं काडतूस कुठे आहे?"

जर्मनीत काडतूस हरवणं म्हणजे किल्ली हरवणं नव्हे. हा माणूस भरवशाचा नाही असा एक शिक्का बसला की परवाना, बंदूक, सगळं गेलं. तेवढ्यात मागून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"सूनबाई," बाबा म्हणाले, "त्यांना सांग, ती सुपारी मी ठेवली. पूजेत कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी सुपारी ठेवतात. पत्नी नसेल तर नाही का ठेवत? तसं त्या काडतुसाच्या जागी."

"बाबा," मी म्हटलं, माझा आवाज मलाच ओळखू येईना, "अहो, मग ते काडतूस कुठे आहे?"

"माझ्या खिशात."

"खिशात!"

"काल ते तांदळाच्या राशीतच फुलांखाली राहिलं. आज पहाटे अक्का आवरत होत्या तेव्हा खाली जाऊन उत्तरपूजा केली. त्याआधी जागचं हलवता येत नाही. मग बायकांच्या सामानात हात कसा घालायचा, म्हणून इथे अक्कांच्या हातात द्यावं म्हटलं. पण तुम्ही सगळ्या बोलत होतात. मध्ये कसं बोलणार?"

जर्मन भाषेच्या तीन परीक्षा मी दिल्यात. त्यात डॉक्टरकडे जाणं होतं, घर भाड्याने घेणं होतं, कचरा वेगळा करणं होतं. 'माझ्या सासऱ्यांच्या खिशात काडतूस आहे' हे वाक्य एकाही धड्यात नव्हतं. मी ते म्हटलं. पोलीसबाई एक पाऊल मागे गेल्या, हात वर करून म्हणाल्या, "कुणीही हलायचं नाही. आता त्यांनी अगदी सावकाश बाहेर काढावं."

सावकाश हा बाबांचा विषयच होता. त्यांनी कोटाचं बटण काढलं, आतल्या खिशातून तुळशीच्या पानात गुंडाळलेलं काडतूस काढलं, आणि प्रसाद देतात तसं उजवा हात पुढे, डावा हात उजव्याच्या कोपराला लावून पुढे धरलं. बाईंनी नकळत ओंजळ पुढे केली. बाबांनी त्यात काडतूस ठेवलं आणि वर दोन खडे खडीसाखरेचे.

बाई सगळे कागद, काडतूस आणि खडीसाखर घेऊन निघून गेल्या. दार बंद झालं. मला एकीकडे हसू फुटत होतं आणि एकीकडे मी घड्याळ बघत होते. अक्का खुर्चीच्या कडेवर बसलेल्या, टोपी मांडीवर.

"परवान्याचं राहू दे गं," त्या म्हणाल्या. "गेला तर गेला. पण तो म्हातारा उद्या पहाटे बूट घालून बसणार. तीन वर्षं झाली. आता त्याला काय सांगू, सुपारी आडवी आली?"

बाबांचा चेहरा पडला. त्यांना बहुधा त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. ते उठून अक्कांपुढे उभे राहिले. "अक्का, चूक माझी. त्यांना सांगा, मला ठेवून घ्या. माझं परतीचं तिकीट तसंही पुढच्या महिन्याचं आहे."

अक्का हसल्या. त्या परिस्थितीतही हसल्या! "बसा बाबा. तुमच्यावर ढकलायला मी काय पोर हाय व्हय?"

घड्याळात चाळीस मिनिटं गेली. मग बाई परत आल्या. कागद टेबलावर ठेवले आणि अक्कांना विचारलं, "खोक्यातून काडतूस कुणी काढलं?"

"मी," अक्का ताबडतोब म्हणाल्या. "आणि परत आलं का ते मोजलं नाही. ते काम माझं होतं. या गृहस्थांचं नव्हे."

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्यांनी अहवाल लिहिला होता, तो अक्कांच्या गावच्या परवाना ऑफिसला जाणार होता. ते काडतूस इथेच राहणार होतं. खोक्यावर वीसऐवजी एकोणीस लिहायचं, इथे सही करायची. "एकोणीस जाऊ शकतात," त्या म्हणाल्या. "बंदूकही. पण पळावं लागेल."

अक्कांनी सही केली. बाईंनी खोकं बंद करता करता सुपारी हातात घेतली, क्षणभर विचार केला आणि ती विसाव्या खान्यात परत ठेवली. "नट म्हणजे दारूगोळा नव्हे," त्या म्हणाल्या. मग चेहऱ्यावरची रेषासुद्धा न हलवता, "वाइडमान्सहाइल." शिकारी एकमेकांना शुभेच्छा देतात तो शब्द. बाबांनी मला विचारलं काय म्हणाल्या, मी सांगितलं, आणि बाबांनी त्यांना वाकून नमस्कार केला.

अक्का धावल्या. अहो, काय धावल्या! कोट फडफडतोय, टोपी हातात, सगळ्या रांगांना "एन्टशुल्डिगुंग, सरका, सरका" करत. त्या दिसेनाशा झाल्यावर बाबा बराच वेळ तिथेच उभे होते. घरी येताना वाटेत एकच वाक्य बोलले, "तीन माणसं धावपळीत पडली, माझ्या एका सुपारीपायी." त्या दिवशी त्यांनी आपट्याचं सोनं वाटलं नाही. परवान्याचं म्हणाल तर ऑफिसातून पुढे पत्र आलं, अक्का जाऊन तासभर बोलणी खाऊन आल्या, कडक ताकीद मिळाली, पण परवाना राहिला.

बुधवारी मी त्यांना आणायला गेले तेव्हा बाबा हट्टाने बरोबर आले. अक्का पेटी ओढत बाहेर आल्या. "मिळाला का?" मी लांबूनच ओरडले.

"न्हाई."

बाबांनी मान खाली घातली. गाडीत बसल्यावर अक्कांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. एल्श आलाच नव्हता का, असं मी विचारलं.

"आला की. उजाडता उजाडता. धुक्यातनं असा सरळ चालत आला आणि आमच्या पुढ्यात बावन्न मीटरवर आडवा उभा राहिला. एवढालं शिंग! मी रायफल लावली, चापावर बोट ठेवलं, आता श्वास सोडायचा आणि ओढायचं. तेवढ्यात म्हाताऱ्याचं डोकं माझ्या डाव्या खांद्यावर आलं. डोळे मिटलेले, श्वास एकदम सावकाश. झोपला होता गं. वर्षभर झोप न्हाई त्याला. इंग्रिडनं रात्रीच सांगितलं होतं, रात्र रात्र खुर्चीत बसून असतोय म्हणून. आता मी काय करू सांग? एवढ्या मोठ्या आवाजानं उठवू?"

"मग?"

"मग काय. बसलो तशीच. जनावर बघून बघून कंटाळलं आणि गेलं. म्हातारा उठला, म्हणाला, आला होता का? मी म्हटलं, न्हाई. तो म्हणाला, बरं."

मागच्या सीटवर बाबा चष्मा पुसत होते. मी गाडी चालवत होते म्हणून बरं.

आता सेप्प नाहीत. त्याच हिवाळ्याच्या शेवटी ते खुर्चीतच गेले. पुढे आम्ही कार्ल्सरूहेला गेलो, अक्का नोकरी संपवून कोल्हापूरला. त्यांच्याशी फोन होतो, आवाज अजून तसाच, दोन गल्ल्या पलीकडे जाईल असा. पण माझ्या डोळ्यांपुढे अक्का येतात त्या त्या बुधवारच्या, घराच्या फाटकाशी. सामान उतरवून झालं होतं. बाबा आधीच वर गेले होते. अक्का पेटीचा पट्टा खांद्यावर अडकवून चार पावलं गेल्या आणि मागे वळल्या. हसत होत्या आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, आणि दोन्ही एकदम होतंय याची त्यांना जराही फिकीर नव्हती.

"आणि ऐक की मेधा. निघताना मला मिठी मारून कानात काय म्हणाला म्हातारा? म्हणाला, एवढा मोठा एल्श उभ्या जन्मात बघितला नव्हता."

"म्हणजे? जागे होते?"

"जागा होता की गं! टक्क जागा! मी म्हटलं, अरे सेप्प, मग बोलला का न्हाईस? मी मारला असता!"

"मग काय म्हणाले?"

अक्कांनी कोटाच्या बाहीने तोंड पुसलं. "म्हणाला, बोललो असतो तर तुझा खांदा हलला असता."